गोठ्यातली गाडी

“...आन् ह्यो हातातला ब्रेक? त्यो का सोडून दिलास?”

आप्पामहाराजांनी गाडीच्या उघड्या दारातून डोकं आत घालून विचारलं.

“ओढून ठेवला तर चिकटतो, आप्पा. चार महिने ही दमट हवा. ब्रेक एकदा चाकाला धरून बसला की बसलाच. कार्तिकात सोडायला गेलं तरी सुटत नाही.”

“मग गाडी घरंगळंल की.”

“म्हणून चाकांना विटा लावल्यात. शिवाय गिअरमध्ये ठेवलीय.”

आप्पांनी वाकून विटा पाहिल्या. मान हलवली. त्यांना खरंच पटलेलं दिसलं.

रणधीर चाकापाशी उकिडवा बसला होता. बोलता बोलता त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

“काय अर्थ आहे बघा यात, आप्पा! धरून ठेवलं की चिकटतं. आसक्ती म्हणतात ती हीच की नाही?”

आप्पांनी डोकं बाहेर काढलं.

“मी ब्रेकाचं इचारलं व्हतं.”

रणधीर हवा भरायचा पंप शोधू लागला.

कोल्हापूरच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावर, डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे एक ओढा लागतो. ओढ्याच्या पलीकडे हा मठ. मठ म्हणजे एक देऊळ, दोन खोल्या, एक पडवी आणि हा गोठा. आप्पामहाराज जन्माने धनगर. लहानपणी मेंढरं वळली, मोठेपणी इथे येऊन बसले ते बसलेच. पंचक्रोशीतली माणसं त्यांना काहीबाही विचारायला येत. आप्पा बहुतेकांना उलट प्रश्न विचारून परत पाठवत.

आणि रणधीर इंगवले म्हणजे कोल्हापुरातल्या एका बऱ्या चाललेल्या फौंड्रीचा मालक. पन्नाशी उलटलेली. लग्न केलं नव्हतं. शौक एकच, वेगाच्या गाड्यांचा. ही लाल, बसकी, दोनच माणसांची गाडी त्याने मोठ्या हौसेने घेतली होती. इंजिन मागे, सामानाची जागा पुढे. पहिल्यांदा ती मठापाशी आली तेव्हा आप्पा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले होते, “उलटी घातलीया जणू.”

पावसाचे महिने सोडून वर्षभर तो रविवारचा येत होता. आधी गंमत म्हणून, मग ओढीने. या खेपेला आला तो राहायलाच. फौंड्री भागीदाराच्या स्वाधीन करून आला आणि आप्पांच्या पाया पडून म्हणाला, “मला संन्यास द्या.”

स्पोर्ट्स कारमधून संन्यास घ्यायला आलेल्या माणसाला हसायचा मोह कुणालाही होईल. गावातल्या पोरांना तर झालाच. पण त्याचं मन खोटं नव्हतं. गेली दोन-तीन वर्षं असं व्हायचं, की रात्री बंगल्याच्या फाटकात गाडी उभी करून तो स्टिअरिंगवर हात ठेवून नुसताच बसून राहायचा. एवढं धावून आपण पोचलो कुठे, हे त्याला समजेनासं झालं होतं. हे दुःख ज्याला झालं त्यालाच कळतं. पैसेवाल्याला झालं म्हणून ते हलकं होत नाही.

मठाचा एक रिवाज होता. घाटातला पाऊस एकदा लागला की ओढा फुगतो, आणि मग कार्तिकापर्यंत ना कुणी येऊ शकत, ना जाऊ शकत. ज्याला आत राहायचं असेल त्याने पाऊस लागायच्या आत ठरवायचं. दीक्षा मिळायची ती या चार महिन्यांतच.

मृग तोंडावर आला होता.

आप्पांनी हो म्हटलं नव्हतं. नाही असंही म्हटलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते, “आधी त्या गाडीचं बघ. भिजंल बिचारी.”

रणधीरने हा होकार धरला आणि तो कामाला लागला. तांबू गाईची रवानगी पडवीत झाली. अर्धा गोठा झाडून, सारवून, वाळवून तयार झाला. रणधीरचं स्वतःचं सामान एका पिशवीत आलं होतं. गाडीचं सामान आणायला गावातल्या जीपला दोन खेपा कराव्या लागल्या.

“पेट्रोल काढून घेतलंस न्हवं?” आप्पांनी विचारलं.

“उलट टाकी गच्च भरलीय.”

“हुबीच ऱ्हायची तर भरायची कशापायी?”

“रिकामी टाकी आतून घामेजते, आप्पा. पाणी धरतं. पाणी धरलं की गंज आलाच.”

रणधीर थांबला. त्याला पुन्हा काहीतरी सुचत होतं. दाबून बघितलं, पण दबेना.

“मनाचंही तसंच म्हणायचं. रिकामं ठेवलं की गंजतं.”

“काल तर म्हणत व्हतास, मन रिकामं कराया आलोय.”

...

पडवीतून तांबूने नेमकं तेव्हाच फुरफुरावं, याला काय म्हणायचं?

रणधीर ओशाळून हसला. आप्पाही हसले. त्यांच्या हसण्यात खवचटपणा नसायचा, म्हणून माणसं त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा फजित व्हायला येत.

“ऱ्हाऊ दे. चाकात एवढी हवा का भरतोयस त्ये सांग.”

“एका जागी उभी राहिली की टायर खालून चपटे होतात. थोडी जास्त हवा ठेवायची.”

“आन् ह्या डांबराच्या गोळ्या?”

“उंदरांसाठी. वायरी कुरतडतात.”

“झाकायला मेणकापड का न्हाई घेतलंस? ह्ये सुती फडकं भिजंल.”

“छपराखाली आहे, भिजणार नाही. मेणकापडाखाली आतली वाफ आतच राहते. सुती कापडातून हवा जाते.”

या तीनही उत्तरांत रणधीरने एकही दृष्टांत घातला नाही. दोनदा जीभ वळवळली, पण त्याने आवरलं. शहाणा माणूस होता, शिकत होता.

त्याने सगळी गाडी कोरड्या फडक्याने पुसून घेतली. आरशाच्या कडा पुसल्या, दिव्यांच्या खाचा पुसल्या, जिथे कुणाची नजर जाणार नाही अशा जागा बोट घालून पुसल्या. आप्पा ओट्यावर बसून त्याचे हात बघत होते.

“लई जीव हाय तुझा हिच्यावर.”

“होता.” रणधीरने फडकं झटकलं. “आता माझी नाही ती. भागीदाराच्या मुलाला दिली. कार्तिकात येऊन घेऊन जाईल. पण त्याने किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू झाली पाहिजे.”

“त्याची गाडी, त्यो बघंल की. तू का एवढा राबतोस?”

“असं कसं, आप्पा? इतकी वर्षं तिने साथ दिली. सोडून जायचं तर नीट सोडावं.”

“व्हय...” आप्पा म्हणाले. “त्ये बरूबर बोललास.”

गुरूने शाबासकी दिली की शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं. रणधीर खुशीत उठला आणि गाडीचं पुढचं झाकण त्याने वर केलं. आता एकच काम उरलं होतं. दहाचा पाना घेऊन तो वाकला.

आप्पाही उठून जवळ आले.

“ही कसली पेटी?”

“बॅटरी. हिची वायर काढून ठेवायची, की झालं.”

“वायर का काढायची? गाडी तर बंदच हाय.”

“बंद दिसते. आतून बंद नसते.”

“म्हंजे?”

हे सांगायला रणधीरला फार आवडायचं. पाना हातात तसाच ठेवून तो सरळ झाला.

“किल्ली खिशात ठेवून मी नुसता जवळ आलो तरी हिचं दार उघडतं, बघितलंय ना तुम्ही? ते कसं होतं? गाडी सारखा कानोसा घेत असते. मालक आला का, आला का... दिवसा, रात्री, उभ्या जागी. तेवढ्यासाठी तिला आतून जागं राहावं लागतं. त्यात थोडी थोडी वीज जात राहते.”

“कोन न्हाई आलं तरी जाती?”

“कुणी नाही आलं म्हणूनच तर जाते! मालक आला, गाडी चालली, की बॅटरी पुन्हा भरते. नाही आला तर नुसती वाट बघण्यातच उतरते. महिना-दीड महिना, की संपली.”

“आन् वायर काढली म्हंजी?”

“मग ती वाट बघत नाही. निवांत झोपते.”

...

आप्पा बॅटरीकडे बघत राहिले.

रणधीर पुन्हा वाकला, पाना नटाला लावला, अर्धा फेरा दिला.  आप्पांचा पुढचा प्रश्न आला नाही, तेव्हा त्याने वर पाहिलं.

आप्पा आता त्याच्याकडे बघत होते.

“का रं? आता का बोलंनास?”

“काय बोलू?”

“मगाशी ब्रेकात तुला आसक्ती दिसली. पेट्रोलात मन दिसलं. ह्यात काय दिसंना व्हय?”

रणधीरचा हात नटावर थांबला.

...

“घरी कोन असतं?” आप्पांनी विचारलं.

“सांगितलं होतं मी. बायको नाही, मुलंबाळं नाहीत. मागे कसला पाश नाही.”

“पाशाचं न्हाई इचारलं. घरी कोन असतं?”

“...अक्का.”

अक्का त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा रणधीरला नीट चालताही येत नव्हतं, आणि अक्का शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. तिने त्याला वाढवलं. पुढे स्थळं आली तेव्हा लग्न केलं नाही. का केलं नाही, हे रणधीरने कधी विचारलं नाही. न विचारताही त्याला ते माहीत होतं.

“तिची सगळी सोय करून आलोय, आप्पा.” त्याचा आवाज घाईचा झाला. “बँकेत पुरेसं आहे. दिवसभर कामाला बाई आहे. डॉक्टर घरी येऊन बघून जातात. तिला कशाला म्हणून बाहेर पडायला नको.”

“टाकी गच्च भरलीस म्हन की.”

रणधीरने मान खाली घातली.

“काय सांगून आलास?”

“पुण्याला कामाला जातोय, म्हणालो.”

“कवा येतो म्हणालास?”

...

“रणधीर.”

“...रात्री. जेवायला येतो म्हणालो.”

“त्याला तर पंधरवडा झाला.”

“भागीदाराला सांगून ठेवलंय. तो रोज तिला सांगतो, काम वाढलंय, उद्या-परवा येईल. तिला एकदम धक्का नको, म्हणून. कार्तिकात हळूहळू सांगेल सगळं.”

“म्हंजी रोज तिला वाटतंय, आज येनार.”

रणधीरने पान्यावरचं तेल अंगठ्याने पुसलं.

“रोज जेवायची थांबती?”

“...थांबते. पहिल्यापासूनच थांबते. मला कितीही उशीर झाला तरी. फाटकात गाडीचा आवाज आला की तवा ठेवते. मी आत यायला वेळ लावला तर भाकरी टोपल्यात झाकते, पुन्हा गरम करते. ‘का रे, बसून राहिलास बाहेर?’ असं एकदाही विचारलं नाही तिने...”

 पाना बॅटरीवर ठेवून त्याने तेलकट हात धोतराला पुसले. धोतर नवं होतं, संन्यासासाठी घेतलेलं.

“मोठे मोठे लोक न सांगताच घर सोडून गेले, आप्पा,” तो म्हणाला. त्यात आता मघासारखी ऐट नव्हती.

“गेले असतील. त्यांच्या घरी कोन उपाशी बसलं त्ये त्यांना ठावं. तुझ्या घरी कोन बसलंय त्ये तुला ठावं हाय.”

पडवीत तांबूने पाय बदलले. तिच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली.

“का न्हाई सांगितलंस तिला?”

“सांगितलं असतं तर निघता आलं नसतं.”

“आडवी आली असती?”

“नाही.”

“रडली असती?”

“नाही. अक्का रडत नाही.”

“मग?”

रणधीरने झाकणाची कड धरली. 

“‘जा’ म्हणाली असती, आप्पा. पिशवी भरून दिली असती. वर लाडू घातले असते.”

“मग का न्हाई सांगितलंस?”

“म्हणूनच.”

...

आप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पन्नाशीचा माणूस, शे-दीडशे कामगारांवर ओरडणारा, गाडीच्या उघड्या झाकणावर कपाळ टेकून लहान पोरासारखा रडला. आप्पांनी त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही, की अध्यात्म सांगितलं नाही. नुसते उभे राहिले.

बऱ्याच वेळाने रणधीरने तोंड पुसलं. त्यामुळे तोंडालाही तेल लागलं.

“फोन करतो तिला. ओढ्यापलीकडे टेकडीवर रेंज मिळते. सगळं खरं सांगतो.”

“फोनवर वायर निघती व्हय?”

रणधीरने बॅटरीकडे पाहिलं. अर्धवट सैल झालेला नट पाहिला.

“नाही.”

त्याने पाना उचलला आणि नट पुन्हा घट्ट आवळला. एकदा हलवून बघितला. झाकण लावलं. मग मात्र तो तिथेच घुटमळला. पश्चिमेकडचं आभाळ त्याने मघापासून तीनदा पाहिलं होतं, आता चौथ्यांदा पाहिलं. डोंगराच्या मागे ढग गच्च भरून आले होते.

“आप्पा, आज-उद्यात पाऊस लागणार.”

“लागंल.”

“ओढा भरला तर मला कार्तिकापर्यंत परत येता यायचं नाही.”

“न्हाई यायचं.”

“आणि तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडे बघून सांगितल्यावर... माझं मनच फिरलं तर? मला निघताच आलं नाही तर?”

“न्हाई आलं तर न्हाई.”

“तुम्हाला काहीच वाटणार नाही?”

“मला वाटंल. तू गेलास की मला करमायचं न्हाई. एवढं गाडीचं कोन सांगंल मला?”

रणधीरला हसू आलं आणि त्याच हसण्यात पुन्हा डोळे भरले. चाकांच्या विटा त्याने ओढून काढल्या. पिशवी आणायलाही तो खोलीत गेला नाही. होता त्या धोतरातच गाडीत बसला. इंजिन सुरू झालं. एवढ्याशा गोठ्यात तो आवाज मावेना. तांबू पडवीत दावं ताणून उभी राहिली.

आप्पांनी गोठ्याच्या तोंडाशी लावलेले आडवे बांबू एकेक करून काढले आणि बाजूला उभे केले. गाडी हळूहळू बाहेर आली. आप्पांपाशी येऊन थांबली. काच खाली झाली.

“आप्पा, वर्षभर मी ह्या एका दिवसाची वाट पाहिली हो.” रणधीरचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. “दाराशी येऊन परत फिरतोय. कोण जाणे, पुन्हा येणं होतंय की नाही. देवाला काय सांगू?”

आप्पांनी वाकून त्याच्या गालावरचा तेलाचा डाग आपल्या घोंगडीच्या टोकाने पुसला.

“तू हो फुडं. देवाची बॅटरी उतरत न्हाई.”